दुसरा मोजा

लंबूच्या आजीने त्याला मोज्यांची जोडी म्हणून कधी दिली नाही. ती एकच मोजा द्यायची. दुसरा घरी येऊन न्यायचा, असा तिचा कायदा होता आणि त्या कायद्यावर अपील नव्हतं.

सुरुवात झाली तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. बसने आठ तासांवरच्या शहरात, एका शीतगृहात त्याला नोकरी लागली होती. शीतगृहातली थंडी कशी असते ते आजीने कुणाकुणाकडून ऐकलं आणि सुया काढून बसली. लंबूचे पाय म्हणजे दोन होड्या. दुकानातला मोजा त्याने चढवला की टाचेची जागा तळव्याच्या मध्यावर यायची. त्यामुळे लहानपणापासून त्याचे मोजे घरीच विणले जात, त्यात नवल नव्हतं. नवल पुढे झालं. नव्या शहरातल्या खोलीत त्याने पिशवी उलटी केली, तेव्हा टॉवेल, साबणाची डबी, दोन सदरे आणि एकच मोजा खाली पडला. म्हातारी विसरली, असं समजून त्याने घरी फोन लावला. आत्याने तो आजीच्या हातात दिला.

"विसरायला काय झालंय मला? दुसरा इथे आहे. न्यायला ये."

"अगं, पोस्टाने पाठव ना."

"पोस्टाने मोजा येईल. तू कसा येशील?"

दीड महिना एक पाय गारठवून तो गेला आणि दुसरा मोजा घेऊन आला. तेव्हापासून दर वर्षी थंडीच्या तोंडावर एका मोज्याचं पार्सल यायचं. पोस्टातल्या माणसाने म्हणे एकदा आजीला विचारलंही होतं की एकच कसा? तिने त्याला सांगितलं, दुसऱ्याला पाय आहेत, तो चालत जाईल. शीतगृहातले लोक तर पार्सल आलं की लंबूला सळो की पळो करून सोडायचे. तुझा दुसरा पाय आजीने गहाण ठेवून घेतलाय का, असं विचारायचे. तोही हसायचा. मनातून त्याला ते आवडायचं. आपण यावं म्हणून कुणीतरी एवढा खटाटोप करतंय, ही गोष्ट काही सगळ्यांच्या नशिबी नसते.

तो ज्या दालनात काम करायचा तिथलं तापमान शून्याखाली वीस. वाटाण्याची पोती, माशांचे खोके, सगळं दगड झालेलं. पंचवीस मिनिटं आत राहायचं आणि दहा मिनिटं बाहेरच्या गरम खोलीत बसायचं, असा नियम होता. आत मोबाइल नेऊन उपयोग नसे. बॅटरी मान टाकायची, म्हणून सगळे फोन बाहेर लॉकरमध्ये ठेवायचे आणि दुपारच्या सुट्टीतच काढायचे. हात चोळता येतात, कान झाकता येतात, पण बुटातल्या पायांचं काही करता येत नाही. तिथे माणसाला खरा आधार मोज्याचा. आजीचा मोजा घातला की थंडी घोट्यापाशी थांबायची, हे लंबू शपथेवर सांगायचा.

आईवडील त्याच्या लहानपणीच गेलेले. आजी आणि आत्या या दोघींनी त्याला सायकलच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत वाढवलं. तेवढीच त्याची माणसं. मग गेल्या काही वर्षांत तो घरी जायचा का थांबला, असं कुणीही विचारेल. भांडण झालं नव्हतं. मान-अपमान नव्हता. खरं कारण सांगायला त्याला लाज वाटली असती, म्हणून आपणच सांगून टाकू. तिकडून परत आल्यावर त्याला त्याची खोली सहन व्हायची नाही. चार दिवस कुणीतरी जेवलास का विचारलेलं असायचं, रात्री कुणाच्या तरी खोकल्याचा आवाज भिंतीपलीकडून आलेला असायचा. मग आपल्या खोलीचं कुलूप उघडलं की आतली शांतता अंगावर यायची. आठ-आठ दिवस जेवण जायचं नाही. एकटं राहायची पुन्हा सवय करून घ्यायला महिना लागायचा, आणि सवय झाली की पुढचं पार्सल दारात. त्यापेक्षा गेलंच नाही तर मोडायला काही उरणार नाही, असा हिशोब त्याने केला. एकट्या माणसाला सुचणारे हिशोब असे असतात. चूक सापडत नाही आणि उत्तरही बरोबर येत नाही.

दोन वर्षांपूर्वी तपकिरी मोजा आला. आजीने फोनवर विचारलं, कधी येतोस? तो म्हणाला, रजा मिळत नाही. रजा त्याने मागितलेलीच नव्हती. आजी म्हणाली, असू दे रे बाबा, तुझ्यावर जबाबदारी मोठी, पुढच्या महिन्यात बघ. पुढच्या महिन्यातही तेच झालं. त्या वर्षी तो एका पायात जुना विरलेला मोजा घालून राहिला. पुढच्या वर्षी राखाडी मोजा आला, वर तपकिरी पट्टा असलेला. तेव्हा त्याच्या डोक्यात प्रकाश पडला की दोन वर्षांचे दोन मोजे मिळून जोडी होते. एक तपकिरी, एक राखाडी. गमबुटात कोण बघतंय? इथेच घात झाला. न्यायला जायची गरजच संपली. फोनवर मात्र रजेचं रडगाणं चालू ठेवावं लागलं, आणि एकदा खोटं बोललं की त्याची देखभाल करावी लागते. सुपरवायझर कसा खडूस आहे, माणसं कशी कमी आहेत, अशी त्यात भर पडत गेली. तो सुपरवायझर बिचारा गरीब गाय होता. त्याने आयुष्यात कुणाची रजा नाकारली नव्हती.

यंदा निळा मोजा आला. त्याच्या वरच्या बाजूला राखाडी आणि तपकिरी, असे दोन पट्टे. लंबूने तो उशाशी ठेवला, कारण हा एकटाच होता. जाऊ म्हणता म्हणता थंडी सरत आली. मग एका दुपारी तो आतून बाहेर आला, लॉकर उघडला, तर आत्याचे अकरा फोन येऊन गेलेले.

आजी पहाटे झोपेतच गेली होती. आत्या म्हणाली, दुपारपर्यंत थांबलो, तू फोन उचलेनास, जास्त थांबता येईना. आता धावत येऊन काय करणार? महिन्याभराने खोल्या रिकाम्या करायच्या आहेत, तेव्हा सवडीने ये. तिचा आवाज कोरडा होता. तिने दोष दिला असता तर त्याला बरं वाटलं असतं. फोन ठेवून तो गरम खोलीत बसला. दहा मिनिटं झाली, घंटा वाजली, आणि तो उठून पुन्हा आत गेला. दुसरं काय करायचं ते त्याला सुचलं नाही.

महिन्याने तो सुपरवायझरकडे गेला आणि सतरा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच त्याच्या तोंडून चार दिवसांची रजा हवी, असे शब्द निघाले. आधी जायचा तेव्हा तो आठवड्याची सुट्टी आणि पाळ्यांची अदलाबदल यांतून जमवायचा. सुपरवायझरने मान वर न करता सही केली. म्हणाला, आठ दिवस घे ना, तुझी एवढी रजा पडून आहे, तू मागतच नाहीस. अर्ध्या मिनिटाचं काम. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, ते लंबूला तिथे उभ्या उभ्या कळलं.

बसमध्ये आठ तास त्याने खिशातल्या निळ्या मोज्यावर हात ठेवला होता. याची जोड तिथे असणार. कुठेतरी घडी घालून ठेवलेली असणार. ती मिळाली पाहिजे, एवढं एकच त्याच्या डोक्यात होतं. ती मिळाली की निदान एवढं तरी म्हणता येईल की उशिरा का होईना, आपण न्यायला गेलो होतो. आणखी दोन मोजे, तपकिरी आणि राखाडी, हेही तिथेच असायला हवेत, हे त्याला वाटेत आठवलं. तीन फेऱ्या चुकवल्या होत्या. तीन मोजे थकले होते.

आत्या दारातच खोके बांधत बसली होती. शाळेच्या ऑफिसात तीस वर्षं काढलेली बाई, तिला खोक्यांवर चिठ्ठ्या लावल्याशिवाय चैन पडत नव्हती. भांडी, अंथरुणं, द्यायचं, टाकायचं. ती एका मैत्रिणीशेजारच्या लहान खोलीत राहायला जाणार होती. तिने लंबूकडे बघितलं, वाळलास म्हणाली, आणि त्याला पलंग खोलायच्या कामाला लावलं. खालच्या दुकानातून पान्हा पडल्याचे आवाज येत होते. आजीचा पलंग खोलताना लंबूने गादीखाली बघितलं. काही नव्हतं.

मग तो चोरासारखा शोधत सुटला. कपाटाच्या खणात सुयांचा पत्र्याचा डबा सापडला, कागदाच्या घड्यांवर गुंडाळलेली लोकर सापडली, आजीचे तीन चष्मे सापडले, तिन्हींची एकेक काडी मोडलेली. ट्रंकेत त्याचे शाळेचे स्वेटर होते. ते बघून त्याला पुढे शोधवेना. त्याने ट्रंक बंद केली, पुन्हा उघडली. "टाकायचं" लिहिलेल्या खोक्यातही हात घातला. आत्या स्वयंपाकघरातून बघत होती हे त्याला कळलं नाही.

"काय शोधतोयस मघापासून?"

त्याने खिशातून निळा मोजा काढून दाखवला. तेवढं पुरलं. आत्या हातातलं पातेलं खाली ठेवून पलंगाच्या उभ्या केलेल्या फळीला टेकून बसली. तपकिरी आणि राखाडी शोधत असशील तर शोधू नकोस, असं ती आधी म्हणाली. ते कधीच उसवले. लंबू थंडीभर आला नाही की आजी त्याच्यासाठी ठेवलेला मोजा उसवायची आणि ती लोकर पुढच्या वर्षीच्या मोज्यात घालायची. लंबूने हातातल्या मोज्याकडे बघितलं. दोन पट्टे. त्याला इतके दिवस ती नक्षी वाटली होती. न आलेल्या दोन्ही थंड्या तिने त्याच्याच पायात विणून पाठवल्या होत्या, आणि हा ठोंब्या एकीवर गमबूट चढवून फिरत होता आणि दुसरी उशाशी घेऊन झोपत होता.

"टोमणा मारायची का ती?" त्याने विचारलं.

आत्या म्हणाली, छे, तिला लोकर वाया घालवायची नव्हती. पण उसवायच्या दिवशी ती कुणाशी बोलायची नाही.

"आणि हा? याचा दुसरा?"

तुला एक सांगितलं नव्हतं, असं म्हणून आत्याने सुरुवात केली. थंडीच्या सुरुवातीला, निळ्या मोज्याचं पार्सल टाकून आल्यावर चौथ्या दिवशी, आजी खालच्या पायरीवरून घसरली. डावा घोटा मोडला. गुडघ्यापर्यंत प्लास्टर. लंबूला कळवायचं नाही, असं तिने बजावून सांगितलं. त्याला रजा मिळत नाही, उगीच तिकडे जीव टांगणीला लागेल आणि हातून काहीतरी चूक होईल, तिथे सगळं त्याच्यावरच आहे. लंबूला ते फोन आठवले. कधी येतोस, असं ती त्या थंडीत प्रत्येक वेळी विचारत होती. नेहमीच्याच आवाजात विचारत होती.

मग आजीच्या उजव्या पायाला थंडी वाजायला लागली. आत्याने बाजारातून मोजे आणले, तर आजी म्हणाली, मला एकाच पायाला हवाय, त्यासाठी चांगली जोडी कशाला फोडायची? घरात एकटा मोजा हा एकच. तो येईपर्यंत मी वापरते, आला की काढून देईन. लंबूच्या मापाचा मोजा तिने गुडघ्याच्या वरपर्यंत ओढला, तरी पुढे वीतभर लोंबत राहायचा. वॉकर घेऊन चालताना ती त्यात अडखळायची. आत्या ओरडायची, शेजारणी हसायच्या, पण ती ऐकेल तर शपथ.

"धुवायला मागितला तरी द्यायची नाही," आत्या म्हणाली. "म्हणायची, आज धुतलास आणि आजच तो आला तर? त्याला काय ओला मोजा देऊ?"

लंबूने तोंड फिरवलं. तो रडला, आणि चांगला रडला. छत्तीस वर्षांचा, दारातून वाकून जावं लागणारा माणूस खोक्यांच्या मधे उकिडवा बसून रडत होता आणि आत्या त्याच्या पाठीवर हात न ठेवता समोर बसून राहिली होती. तिचं रडून झालं होतं. थोड्या वेळाने तिने उरलेलं सांगितलं. त्या दुपारी आजीला नेलं तेव्हा मोजा पायातच होता. कुणीतरी काढायला गेलं, तर आत्याने राहू द्या म्हटलं. पाय फार गार झाला होता.

म्हणजे न्यायला काही उरलंच नव्हतं. लंबू उठला, त्याने तोंड धुतलं, आणि दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं म्हणून पलंगाचे स्क्रू एका डबीत भरले. मग तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. आत्या त्याच्याकडे पाठ करून पातेलं घासत होती. ही गोष्ट आत्ता सांगितली नाही तर आपण कधीच सांगणार नाही, आणि मग ती घेऊन त्या खोलीत एकट्याने राहावं लागेल, हे त्याला स्पष्ट दिसत होतं.

"आत्या, मला रजा मिळत होती. मी मागितलीच नाही. तिन्ही वर्षं."

पातेलं घासायचं थांबलं नाही. पाण्याचा नळ चालू होता. तिला ऐकू गेलं की नाही, असं त्याला वाटलं आणि ते वाक्य पुन्हा म्हणायचं बळ त्याच्यात नव्हतं. मग तिने नळ बंद केला.

"मला सांगितलंस ते बरं केलंस," ती म्हणाली. "मला थोडं वाटत होतंच. पण हे इथे दुसऱ्या कुणाला सांगू नकोस."

"का?"

"अरे, सगळ्या आळीत सांगून ठेवलंय तिने. तुझ्यावाचून ते गोदाम एक दिवस चालत नाही. तू बाहेर पडलास तर शहराचे वाटाणे नासतील. ज्याला त्याला सांगायची. शेवटची तीन वर्षं ती त्याच्यावर जगली, मेल्यावर तिला खोटं पाडतोस?"

ओरडा खायला लंबू तयार होता, दोन थोबाडीत खायलाही तयार होता. क्षमा मिळाली असती तर तीही घेतली असती. यांतलं काहीच मिळालं नाही. नुसतं गप्प राहायचं काम मिळालं, आणि ते जन्मभराचं दिसत होतं.

जिन्यावर पावलं वाजली. दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन आळीत आलेली सायकलवाल्याची बायको आजीची खुर्ची न्यायला आली होती. आत्याने ती तिला कबूल केली होती. बाई गोड होती, बोलघेवडी होती. खुर्चीवरून हात फिरवून तिने डोळे टिपले आणि मग दारातला हा उंच माणूस कोण ते तिच्या लक्षात आलं. तिने पदराने तोंड पुसलं आणि त्याला वर-खाली न्याहाळलं.

"तुम्हीच होय ते? आजी इतकं सांगायच्या तुमच्याबद्दल. म्हणायच्या, त्याचा साहेबच सोडत नाही त्याला, नाहीतर तो असा राहणारा नाही. एकदा सोडलं ना, की बघ कसा धावत येतो." ती जराशी थांबली. "मग आता तरी मिळाली म्हणायची रजा?"

आत्या ओट्याशी उभी होती. तिने मागे वळून बघितलं नाही.

"मिळाली," लंबू म्हणाला. "फार मिनतवारीने."

"बघा, मी म्हणत नव्हते?" सायकलवाल्याची बायको आत्याला म्हणाली. मग लंबूने खुर्ची उचलली आणि तिच्यामागून जिना उतरून ती खाली पोहोचवून दिली.